व्यवस्थापकाशी संपर्क साधा

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे रेघताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी पुकारलं की चार माणसं मान वर करून विचारायची, ‘ही कोण?’ रेघताई म्हटलं की मात्र शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना कळायचं. शहराच्या पोटातून गेलेल्या नळांचे नकाशे ती काढायची. आधी पारदर्शक कागदावर शाईनं, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत संगणकावर. तिच्या रेघेत थरथर नसायची. बोलण्यातही नसायची. साहेब म्हणाले, ‘इथे झडप दाखवा,’ आणि प्रत्यक्षात तिथे पाणी अडवणारी झडप नसली, तर ती सरळ म्हणायची, ‘कागदावर दाखवते हवं तर. पाणी काही थांबायचं नाही.’

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नवरा गेला. तरी ती आपल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहिली, आणि चांगली राहिली. दार उघडलं की गल्ली. समोर वेल्डिंगचं दुकान, शेजारी चपला शिवणारा. दिवसभर ठोकाठोक चालायची आणि तिला ती आवडायची. येणारा-जाणारा दारात डोकावून दोन शब्द बोलून जायचा. मग एका सकाळी धुतलेल्या फरशीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

मुलगा चांगला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज व्हायचा. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तो दवाखान्याच्या बाकावर झोपला, डॉक्टरांच्या मागे धावला, नर्सबाईंशी भांडला आणि नंतर त्यांची माफीही मागून आला. आई औषधांच्या गुंगीत असताना त्यानं विचारलं, ‘आई, त्या दोन खोल्या सोडून देऊ या ना? तू आता आमच्याकडेच राहा.’ ती हो म्हणाली, असं तो सांगतो. तिला आठवत नाही. ‘म्हणाले असेन,’ ती म्हणते. ‘गुंगीत माणूस कशालाही हो म्हणतं.’

मुलाचं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिचं जाळीचं दार जड, दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. वॉकर धरलेल्या माणसाला तिसरा हात लागला असता. रेघताईला मिळालेली खोली लहान पण नीटनेटकी होती. खिडकी उघडली की समोर पलीकडच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे नळ. एका नळाचा जोड तिरका बसवलाय, हे तिनं पहिल्याच दिवशी बघून ठेवलं. सांगायचं कुणाला?

मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. निघण्यापूर्वी सून गॅस खालून बंद करायची, थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची. मुलगा गच्चीच्या दाराची वरची कडी लावायचा. सगळं मायेनंच. रेघताई भाजी चिरायला बसली की, ‘आई, तू कशाला?’ खाली वाण्यापर्यंत जाऊन येते म्हणाली की, ‘आई, तू कशाला?’ दारावर कुणी आलं तर उघडायचं नाही, फोन करायचा, असं ठरलेलं होतं. वॉकर सुटून हातात काठी आली, तरी ठरलेलं तेच राहिलं.

तिच्यासाठी मोकळी जागा एकच उरली होती, टेबलावरचा संगणक. मुलानं आपला जुना डेस्कटॉप तिच्या खोलीत लावून दिला होता. त्यावर तिला मेल यायचे. सगळ्यात जास्त मेल पाठवायचा तो पंप. हा तिचा जुना सहकारी. आयुष्यभर पंपहाउस सांभाळलं म्हणून ते नाव पडलं, आणि बोलायला लागला की बंद करायला दोन माणसं लागायची, हेही एक कारण होतं. खात्यानं जुने नकाशे स्कॅन करून एका संकेतस्थळावर टाकायला घेतले होते. ते काम एका नव्या इंजिनीयर मुलीकडे होतं. तिला पंप सापडला आणि पंपानं तिला रेघताईचा पत्ता दिला.

इंजिनीयरचा मेल यायचा. खाली लिंक असायची. ती दाबली की पडद्यावर पिवळट कागद उलगडायचा आणि रेघताई चष्मा सावरून पुढे वाकायची. ‘हा नळ नंतर बदलला. रस्त्याच्या डाव्या अंगानं नेला.’ ‘ही झडपेची खूण नाही, शाईचा डाग आहे, आणि तो माझाच आहे.’ असं ती लिहून पाठवायची. सकाळी घर रिकामं झालं की ती केस विंचरून, कपडे बदलून टेबलाशी बसायची. पलंगापासून टेबलापर्यंतचं अंतर ते काय, पण कामाला निघाल्यासारखं वाटायचं.

मग तो पार्सलचा मेल आला. पत्ता अपुरा असल्यामुळे आपलं पार्सल अडकलं आहे, इथे क्लिक करा. सुनेनं खरोखरच काहीतरी मागवलेलं होतं. रेघताईनं क्लिक केलं. त्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संगणक उघडेना, आणि ते दुखणं घरातल्या वायफायवरून मुलानं घरी आणलेल्या ऑफिसच्या संगणकापर्यंत पोचलं. मुलगा एका कंपनीत नव्या कामगारांसाठी धडे तयार करायचा. चित्रं, आवाज, प्रश्न-उत्तरं असं सगळं त्यात असायचं. कित्येक आठवडे खपून केलेलं काम गेलं. ते त्याला पहिल्यापासून पुन्हा करावं लागलं. त्या दिवसांत तो जेवताना ताटाकडे बघायचा, आईकडे बघायचा नाही.

‘अरे, माझ्यामुळे...’ रेघताईनं एकदा सुरुवात केली.

‘जाऊ दे गं आई,’ तो म्हणाला.

एवढंच. आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. तिला वाटलं, मिटलं.

त्यानं तिचा संगणक पूर्ण पुसून, सगळं नव्यानं घालून परत आणून ठेवला. मेल होता, लिहायचा प्रोग्राम होता, पत्त्यांचा खेळ होता. लिंका मात्र उघडेनात. मेलमधली असो की कुणी पाठवलेल्या मजकुरातली असो, तिच्यावर क्लिक केलं की एक करडी चौकट यायची: ‘या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे. कृपया आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा.’ खाली एकच बटण. ‘ठीक आहे.’

‘ठीक काय आहे यात?’ रेघताई पडद्याला म्हणाली आणि तिनं पंपाला फोन लावला.

‘व्यवस्थापक म्हणजे कोण हो?’

‘आपले साहेब असतील.’

‘ते तर केव्हाच वर गेले.’

‘मग संपर्क साधायची घाई करू नका,’ पंप म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. मग त्यानं आपल्या पुतणीला विचारायचं कबूल केलं. ती कुठल्याशा ऑफिसात संगणकांचंच बघायची.

पुतणीचा मेल लांबलचक आला. तिनं लिहिलं होतं, ‘काकू, घाबरू नका, ही चौकट जगभर सगळ्यांना येते. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. निर्बंध वगैरे काही नसतात, व्यवस्थापकही कुणी नसतो. लिंक कुठल्या ब्राउझरमध्ये उघडायची हे संगणक विसरलेला असतो, बस. त्याला आठवण करून द्यायची.’ पुढे कुठे जायचं, काय निवडायचं, ते सगळं समजावून सांगितलं होतं.

रेघताईनं तसंच्या तसं केलं. ब्राउझर निवडला, संगणक बंद करून चालू केला, लिंक दाबली. करडी चौकट. पुन्हा केलं. करडी चौकट. मग पुतणीच्या सांगण्यावरून लिंकेचा पत्ता उचलून थेट ब्राउझरमध्ये चिकटवला. वर्तमानपत्र उघडायचं, हवामान उघडायचं, पण हा पत्ता टाकला की पांढरंफेक पान यायचं. मग दुसरा ब्राउझर घालून बघायचं ठरलं. त्याला पासवर्ड हवा होता.

‘मी बघतो शनिवारी,’ मुलगा म्हणाला.

शनिवारी तो खरंच तिच्या शेजारी येऊन बसला. एक-दोन चौकटी उघडल्या, मिटल्या. इकडे तिकडे बाण फिरवला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. शाळेत चित्रकलेचा तास बुडवला की लहानपणी त्याचं तोंड असं व्हायचं, पण तेव्हा तिला हे सुचलं नाही.

‘जुना झालाय गं,’ तो म्हणाला. ‘ह्याच्यात आता जीव राहिला नाही. मेल येतात ना? पुष्कळ झालं. आणि तुला त्या नकाशांचा त्रास तरी कशाला? आराम कर.’

‘मला त्रास नाही होत रे.’

‘डोळ्यांना होतो. तुला कळत नाही.’

रेघताईचा हा स्वभावच नव्हता, की चालत नाही म्हटलं आणि सोडून दिलं. कुठे पाणी पोचत नसलं की खात्यातली माणसं काय करत, तेच तिनं केलं. कागदावर मेल काढला, संगणक काढला, ब्राउझर काढला, बाहेरचं जाळं काढलं, मधे रेघा ओढल्या आणि एकेक तुकडा तपासत गेली. मेल चालतोय. ब्राउझर चालतोय. जाळं चालतंय. इथपर्यंत पाणी येतंय, तिथे नळ कोरडा. मधे काहीतरी आहे, आणि ते आपल्याला दिसत नाही. तिनं तो कागद पुन्हा पुन्हा काढला. एकदा तर इतका वेळ बसली की थर्मासमधला चहा तसाच राहिला आणि संध्याकाळी सुनेनं तो मोरीत ओतला.

‘आई, बरं वाटत नाहीये का?’

‘मला ही एवढी साधी गोष्ट का जमत नाही गं?’ रेघताईनं विचारलं.

सुनेनं थर्मास विसळला, पुन्हा विसळला, आणि स्वयंपाकघरात गेली.

हळूहळू रेघताईचा स्वतःवरचा विश्वास उडायला लागला. पुतणी म्हणते सोपं आहे. सगळ्या जगाचं होतं, माझंच होत नाही. म्हणजे गडबड माझ्यातच आहे. ती गोळी घेतली का म्हणून दोनदा विचारायला लागली. चष्मा कपाळावर असताना शोधायला लागली. ते पूर्वीही व्हायचं, पण पूर्वी ती त्यावर हसायची. लिहिलेला मेल पाठवायच्या आधी चार वेळा वाचायची, आणि मग पाठवायचीच नाही. मुलगा फोनवर कुणाला तरी म्हणाला, ‘हो, वय झालं आता. विसरते हल्ली.’ भिंत पातळ होती. तिनं ऐकलं आणि तिलाही ते पटलं.

इंजिनीयर मुलगी मेल पाठवत राहिली होती. ‘हा नकाशा तुमच्या हातचा आहे का, एवढं कळवाल का?’ खाली लिंक. रेघताईनं उत्तर दिलं, ‘उघडत नाही.’ तिनं पुन्हा पाठवली. ‘उघडत नाही.’ तिसऱ्या वेळी मुलीचा वेगळाच मेल आला. फार गोड होता. ‘तुम्ही आजवर खूप मदत केलीत. आता त्रास घेऊ नका. तब्येतीची काळजी घ्या, भरपूर विश्रांती घ्या. त्या नकाशाखाली आम्ही तूर्त ‘आरेखक अज्ञात’ असं लिहिलं आहे.’

त्या मेलपाशी ती बराच वेळ बसली. मग उठली, संगणकाच्या डब्यामागे वाकून बघितलं. तिथे दुरुस्तीच्या दुकानाचा चिकटवलेला कागद होता, कोपरे गेलेला, पण नंबर वाचता येत होता. मुलगा आणि सून कामावर होते. तिनं फोन लावला. बाईचा आवाज आला.

‘घरी येऊन बघाल का? मला खाली उतरता येत नाही.’

‘येते की. कितवा मजला?’

‘पाचवा. लिफ्ट आहे.’

‘लिफ्ट आहे म्हणतात सगळे,’ बाई म्हणाल्या.

लिफ्ट बंदच होती. दुरुस्तीवाल्या बाई धापा टाकत वर आल्या, खांद्यावर मोठी थैली. रेघताई दाराशी आधीपासून उभी होती. मुलगा निघताना बाहेरून किल्लीनं लावून जायचा ती दाराची साखळी तिच्या हातानं निघता निघेना. बाहेरून बाई सांगत होत्या, ‘आधी दार पुढे ढकला काकू, मग साखळी ढिली होईल,’ आणि आतून ही, ‘हो हो, समजलं,’ म्हणत होती. शेवटी दार उघडलं तेव्हा दोघींनाही घाम फुटला होता. मुलाच्या घरात आल्यापासून ते दार तिनं स्वतः पहिल्यांदाच उघडलं होतं. घरात चोर घेतल्यासारखं तिला वाटत होतं.

बाई तांब्याभर पाणी प्यायल्या, मग त्यांनी खुर्ची ओढली, लिंक दाबली, करडी चौकट वाचली.

‘ही तर नेहमीचीच. थापाडी चौकट आहे.’

‘तसंच सांगितलं मला. ब्राउझर निवडायचा म्हणे. निवडला. कितीदा निवडला.’

‘बघू.’ बाईंची बोटं भराभर चालत होती. मग ती सावकाश झाली. मग थांबली. त्यांनी एकवार रेघताईकडे बघितलं.

‘काकू, हा संगणक कुठल्या ऑफिसचा होता का?’

‘नाही हो. मुलाचा जुना आहे.’

‘घरात अजून कोण वापरतं?’

‘कुणीच नाही.’

‘हं.’ बाईंनी खुर्ची जराशी वळवली. ‘एरवी ही चौकट खोटं बोलते. तुमच्याकडे ती खरं बोलतेय. ह्याच्यात काही बिघडलेलं नाही. हे बंद केलेलं आहे. मेलमधून, मजकुरातून, कुठूनही लिंक उघडायची नाही, असं मुद्दाम ठरवून ठेवलंय. ब्राउझरलाही चार-पाचच पानं उघडायची परवानगी आहे. तुम्ही जन्मभर बटणं दाबली असतीत तरी उघडलं नसतं.’

‘कुणी बंद केलंय?’

‘व्यवस्थापकानं.’ बाईंनी पडद्याकडे बोट केलं. ‘इथे दोन खाती आहेत. एक तुमचं. दुसरं ज्याच्या हातात सगळं आहे त्याचं. त्याला नाव दिलंय. हे बघा.’

पडद्यावर लिहिलं होतं: भोपू.

लहानपणी मुलाचं रडणं तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं म्हणून त्याच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. ते गेल्यापासून त्या नावानं त्याला हाक मारणारी ती एकटीच उरली होती.

रेघताई पलंगाच्या कडेवर बसली. तिला पहिल्यांदा जे वाटलं तो राग नव्हता. हायसं वाटलं. माझं डोकं शाबूत आहे, हे तिच्या मनात आलं. पाणी येत होतं, मधे झडप होती, आणि ती कुणीतरी फिरवलेली होती. मी काढलेलं चित्र बरोबर होतं. मग ते हायसं वाटणं ओसरलं आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं. शनिवारी तो शेजारी बसला होता. बाण इकडे तिकडे फिरवत होता.

‘मी हे मोकळं करून देऊ शकते,’ बाई म्हणाल्या. ‘पासवर्ड नसला तरी. फार वेळ लागणार नाही. पण आधी विचारलेलं बरं. घरातल्या भानगडीत पडायची मला हौस नाही.’

‘नको,’ रेघताई म्हणाली.

‘नक्की?’

‘ज्यानं बंद केलंय त्यालाच उघडू दे.’

बाईंनी थैली उचलली. पैसे घ्यायला तयार होईनात. दुरुस्त काही केलंच नाही म्हणाल्या. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, ‘काकू, साखळी लावता येईल ना तुम्हाला?’

‘लावून घेईन.’

तिनं लावली नाही. संध्याकाळी आधी सून आली आणि साखळीला हात न लावता स्वयंपाकघरात गेली; मुलगा आला तेव्हाही साखळी लोंबकळत होती. त्यानं आत पाय टाकल्या टाकल्या विचारलं, ‘दार कुणी उघडलं होतं?’

‘मी.’

‘कुणाला घरात घेतलंस? आई, किती वेळा सांगितलंय, कुणीही येतं, काहीही सांगतं...’

‘दुरुस्तीवाल्या बाई आल्या होत्या,’ रेघताई म्हणाली. ‘संगणक बघायला. भोपू कोण, असं विचारत होत्या.’

तो बूट काढता काढता तसाच राहिला. एक बूट पायात, एक हातात. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

‘आई, ते तुझ्याच भल्यासाठी होतं.’

‘माहीत आहे.’

‘तुला माहीत नाही!’ त्याचा आवाज एकदम चढला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ‘तुला काय माहीत? ऑफिसात सगळ्यांसमोर उभं करून विचारलं मला, घरी कोण वापरतं म्हणून. काय सांगू? आईनं पार्सलच्या लिंकवर क्लिक केलं? मी सांगितलं, माझ्याच हातून झालं. ते सगळे धडे पुन्हा केले, रोज ती भीती घेऊन केले. परत एकदा झालं असतं तर मी संपलो असतो.’

‘मग हे मला सांगायचं होतंस. रागवायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी.’

‘तू आजारी होतीस.’

‘माझं हाड मोडलं होतं रे. डोकं नाही.’ ती हळू बोलत होती. ‘बंद केलंस ते केलंस. पण मी रोज बसून शोधत होते, आणि तू बघत होतास. माझ्याशेजारी बसून ‘जुना झालाय’ म्हणालास. मला वाटत होतं, मला वेड लागतंय. मी गोळ्या मोजायला लागले. तू फोनवर सांगत होतास, आई विसरते. कुणाबद्दल सांगत होतास ते?’

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. सून दारात येऊन उभी होती, हात पदराला पुशीत.

‘मी ह्यांना सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं, आईंना सांगून टाका. हे म्हणाले, ती विसरून जाईल चार दिवसांत.’

‘आणि तू?’ रेघताईनं विचारलं.

सुनेनं मान खाली घातली. रेघताईला ते पुरे झालं.

त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. ताटं उचलल्यावर मुलगा आईच्या खोलीत गेला, संगणक लावला, भोपूचा पासवर्ड घातला. एकेक निर्बंध काढत गेला. ती मागे काठी धरून उभी होती. त्यानं मागे वळून बघितलं नाही. काम झाल्यावर तो म्हणाला, ‘दाबून बघ.’

तिनं इंजिनीयर मुलीचा मेल काढला, लिंक दाबली. पडद्यावर पिवळट कागद उलगडला. टेकडीवरच्या टाकीचा नकाशा. तिचाच होता. उतारावरच्या रेघा जवळ जवळ घ्यायची तिची पद्धत तिला लगेच ओळखू आली. खाली छापलं होतं, ‘आरेखक अज्ञात’.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेल लिहिला आणि चार वेळा वाचून पाठवलाही. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते दुसऱ्याच कुणाचं होतं. नकाशांचं काम पूर्ण झालं आहे. ते बघणाऱ्या बाई आता दुसऱ्या विभागात गेल्या आहेत. आपली सूचना योग्य त्या ठिकाणी पाठवण्यात येईल. पंप भडकला. ‘मी जातो खात्यात आणि एकेकाची हजेरी घेतो,’ म्हणाला. तो गेलाही, आणि तिथल्या नव्या माणसांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मुलानं स्वतःच्या संगणकासाठी वेगळं कनेक्शन घेतलं. आता आईनं काहीही दाबलं तरी त्याच्यापर्यंत काही पोचणार नव्हतं. एका रविवारी तो तिला आधार देऊन खाली घेऊन गेला, आणि तिच्या आग्रहावरून रिक्षानं जुन्या गल्लीत. दोन खोल्यांत एक तरुण जोडपं राहत होतं. दारात त्यांच्या बाळाची लंगोटी वाळत होती. वेल्डिंगवाला धावत आला, ‘ताई, कुठे गायब झालात?’ चपलावाल्यानं बसायला स्टूल दिलं. ती बसली, दोन शब्द बोलली. मग मुलगा म्हणाला, ‘निघू या?’ आणि ते निघाले. जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

संगणक चालत होता, लिंका उघडत होत्या, आणि रेघताई उघडत नव्हती. हे तिच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आलं. बाण लिंकेवर न्यायचा, आणि बोट तिथेच थांबायचं. बहिणीनं काही पाठवलं की ती आधी फोन करायची, ‘तूच पाठवलंस ना?’ बहीण वैतागायची. पंपाला विचारलं तर तो अर्धा तास सोडायचा नाही. मग तिनं विचारणंच सोडलं आणि मेल तसेच राहायला लागले. एका संध्याकाळी मुलगा खोलीत आला तेव्हा ती अशीच बसली होती, बोट माउसवर ठेवून.

‘काय झालं? उघडत नाही का?’ त्यानं घाईनं विचारलं.

‘उघडतं,’ ती म्हणाली. ‘पंपानं काहीतरी पाठवलंय. उघडू का?’

‘मला कशाला विचारतेस आई?’

‘सवय लागली.’

तो तिथेच उभा राहिला. मग त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. माउसला हात लावला नाही. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले.

‘पुन्हा काही झालं तर?’ तिनं विचारलं.

‘झालं तर पुसू आणि परत घालू.’

‘आणि तू रागावशील?’

‘रागावेन,’ तो म्हणाला. ‘मोठ्यानं रागावेन. तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल इतका.’

तिला हसू आलं नाही, पण तिनं त्याच्याकडे बघितलं. मग लिंक दाबली. पंपानं आपल्या जिन्याखाली व्यायलेल्या मांजरीची फिल्म पाठवली होती. पिलं आंधळेपणानं एकमेकांच्या अंगावरून चढत होती, आणि मागून पंपाचा आवाज येत होता, कोणतं पिलू कुणासारखं दिसतं ते सांगत. दोघांनी ती शेवटपर्यंत बघितली.

पुढचा मेल बहिणीचा होता. त्यातही एक लिंक होती. रेघताईनं बाण तिच्यावर नेला आणि मान वळवून पुन्हा मुलाकडे बघितलं.